एअरबॅगचा दिवा आणि बॅटरीची वायर

‘डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागला तर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, बिघाड जातो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण वायर काढली की गाडीतलं घड्याळ खरंच शून्यावर येतं. पण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बिघाडाचा कोड सहसा अशा मेमरीत नोंदला जातो, जी वीज तोडली तरी पुसली जात नाही. आणि समजा पुसली गेली, तरी सैल झालेला जोड सैलच राहणार.

घरच्या घरी एवढं बघा: इग्निशन चालू केल्यावर दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. विझलाच नाही, किंवा मुळात लागलाच नाही, तर दोष आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही.

बरेचदा दोष पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये निघतो. सीट मागेपुढे करताना, खाली छत्री-बाटली कोंबताना तो हलतो. सोबत हॉर्नही बंद असेल, तर स्टीअरिंगमधली गुंडाळलेली चपटी केबल तुटलेली असू शकते. त्या पिवळ्या वायरींना मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) मात्र कृपा करून लावू नका. त्याच्या थोड्याशा करंटनेही एअरबॅग फुटू शकते. एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच मेकॅनिककडे गाडी न्या.