काळ्या पाटीची गाडी

गोव्यात दाबोळी किंवा मोपा विमानतळाबाहेर उभं राहिलं की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या एकामागून एक दिसतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे चालकासह भाड्याची, आणि काळी म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवायची. या धंद्याला मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमाखालची १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना लागू होते. त्या योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर मोहात पडू नये. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही, आणि हे अपघात झाल्यावरच कळतं.

घरच्या गाडीत रोज तोच माणूस बसतो. ब्रेक जरा खाली गेला, क्लच वर आला, कुठे खरखर झाली की त्याच्या पायाला आणि कानाला लगेच समजतं. भाड्याच्या गाडीला असा धनी नसतो. चार दिवसांनी माणूस बदलतो, आणि प्रत्येकाला वाटतं की ही गाडी मुळात अशीच असेल. म्हणून कंपनीला कानाचं काम आकड्यांवर सोपवावं लागतं. आणि आकडे उपयोगी पडायचे तर ते त्याच गाडीच्या नावावर जमा व्हायला हवेत. आवारात एकाच मॉडेलच्या वीस पांढऱ्या गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीचं ऑइल बदललं आणि नोंद शेजारणीच्या नावावर गेली, तर दोघींचाही हिशेब चुकतो.

खरी ओळख चेसिस नंबरची. यात १७ खुणा असतात. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, कारण घाईत ती एक आणि शून्य वाटतात. पहिल्या तीन खुणा बनवणाऱ्याच्या: मारुती सुझुकीच्या गाड्यांवर ‘एमए३’, टाटांच्या गाड्यांवर ‘एमएटी’. दहाव्या जागी बहुधा वर्षाचं अक्षर असतं. ‘एल’ म्हणजे २०२०, ‘एन’ म्हणजे २०२२, ‘पी’ म्हणजे २०२३. मधला ‘ओ’ अर्थातच गाळलेला. हा नंबर गाडीच्या पत्र्यातच ठोकलेला असतो, अनेक मॉडेलांत इंजिनमागच्या पडद्यावर किंवा पुढच्या सीटखाली. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, वेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंज चढून अंक पुसट झाले की छाप उठत नाही आणि पासिंग अडतं, म्हणून जाणता मेस्त्री त्या जागी ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवतो. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला जावं लागतं, त्यामुळे हा हात वाया जात नाही.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना येणारी उच्च सुरक्षा पाटीही बारकाईने पाहण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर डावीकडे वर २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक. पाटी बसते ती एकदाच वापरता येणाऱ्या लॉकवर. काढायची तर लॉक तोडावंच लागतं. आतून काचेवर लावलेल्या स्टिकरचा रंग इंधन सांगतो: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

हा रंग ग्राहकाने वाचला तर बरंच नुकसान टळेल. डिझेल गाडीत पेट्रोल भरणं ही भाड्याच्या गाडीची जुनी दुखापत आहे, कारण घरी पेट्रोल गाडी असणाऱ्याचं तोंड सवयीने ‘पेट्रोल’ म्हणून जातं. डिझेल नुसतं जळत नाही, उच्च दाबाच्या पंपाला ते वंगणही पुरवतं. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं, धातूवर धातू घासतो आणि निघालेला चुरा थेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतो. चूक पंपावरच लक्षात आली तर चावी फिरवायचीच नाही. नुसतं इग्निशन चालू केलं तरी अनेक गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि कंपनीला फोन करायचा. मग टाकी रिकामी करणं, नळ्या धुणं, फिल्टर बदलणं एवढ्यावर निभावतं. तशीच दहा किलोमीटर चालवली तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही बदलायची वेळ येऊ शकते.

घाटाचा हिशेब वेगळा. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी समजा ६०० मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. खोलीच्या तापमानाचं पावणेतीन लिटर पाणी पूर्ण वाफ करायला एवढी उष्णता लागते. आंबोली किंवा अनमोड उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. वरच्या गिअरमध्ये ठेवून सारखा ब्रेक दाबला तर ती जवळपास सगळी डिस्क आणि पॅडमध्ये साठते, आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. इथे जुन्या ऑइलचा दोष उघडा पडतो. ‘डॉट ४’ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल फळीपर्यंत खाली जातं आणि गाडी थांबत नाही. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ‘दोन वर्षांनी बदला’ हा नियम शेवटची मुदत म्हणून वाचावा. पेनाएवढा टेस्टर ब्रेक ऑइलच्या डबीत बुडवला की ओलाव्याचा अंदाज दहा सेकंदांत येतो. तीन टक्के दाखवले तर तारीख न पाहता ऑइल बदलायचं.

क्लचची परीक्षा त्याहून सोपी. सपाट जागेवर हँडब्रेक घट्ट ओढायचा, पुढे कोणी उभं नाही हे पाहायचं, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. गाडी जागची हलत नाही आणि इंजिनही चालूच राहिलं, तर प्लेट घसरते आहे. वारंवार करू नये, यानेही प्लेट झिजते.

टायरमध्ये तीन गोष्टी पाहतात: खाचांच्या तळाशी असलेली १.६ मिलिमीटरची खूण, थंड टायरमधली हवा आणि बाजूवरचे चार अंक. ‘२३२२’ म्हणजे २०२२ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. टायरचा पूर्ण क्रमांकही नोंदवलेला बरा, कारण नवा टायर नेऊन गुळगुळीत परत आणणारे महाभाग असतात. स्टेपनीची हवा बहुतेक सगळेच विसरतात.

आता सगळ्यात चिवट तक्रार: बॅटरी. जून ते सप्टेंबर धंदा मंदावतो आणि गाड्या आवारात उभ्या राहतात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून समजा ३० मिलिअँपिअर खातात, आणि माग ठेवणारी जीपीएसची डबी आणखी २०. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने दोन आठवड्यांत अर्धी उतरते. मीटरवर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास संपलेली. उतरलेली तशीच राहिली तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाहीत. आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन सुरू करणं ही नुसती समजूत घालणं आहे, स्टार्टरने खाल्लेलं तेवढ्यात नीट भरूनही येत नाही. अर्धा तास चालवावी, बारीक चार्जर लावावा किंवा ऋण टर्मिनल काढावं. टर्मिनल काढल्यावर ट्रॅकर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर थोडा वेळ जगतो आणि मग मुका होतो. ही गोष्ट पडद्यावर गाड्या पाहणाऱ्याला आधी कळवायला हवी, नाहीतर गाडी चोरीला गेल्याचा गोंधळ उडतो. उभ्या गाडीचा हँडब्रेकही ओढून ठेवू नये. दमट हवेत मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. गिअर टाकून चाकाला दगड लावलेला चांगला.

ट्रॅकर फक्त जागा सांगत नाही. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला जोडला तर इंजिनच्या तक्रारीही तो वाचतो: ‘पी०३००’ म्हणजे सिलिंडर अधूनमधून मिस होतात, म्हणजे त्यांतलं इंधन नीट पेटत नाही, ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ आला म्हणून सेन्सर बदलणारा मेस्त्री कधीकधी फुटलेली पाच रुपयांची रबरी नळी तशीच सोडतो.

परत आलेल्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो घेतात, तेही गाडी धुतल्यावर आणि उजेडात, कारण चिखलाखाली ओरखडे झाकतात. परस्पर रंगकाम करून आणलं असेल तर जाडी मोजणारं यंत्र चहाडी करतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, दुसऱ्यांदा रंगवलेला पत्रा २०० च्या वर जातो, आणि पोचा लांबी (पुट्टी) भरून बुजवला असेल तर आकडा ५०० पार करतो. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, तिथे नखाने रंगाची कड चाचपावी लागते.

गाडी किनाऱ्यावर वाळूत घातली होती का, हे ग्राहकाला विचारण्यात अर्थ नसतो. गोव्यात त्याला मनाई आहे, त्यामुळे कबूल कोण करणार? चालकाच्या पायाखालची चटई उचलून खालचा गालिचा बोटाने दाबायचा, मग चाकामागच्या प्लास्टिकच्या कडेवर हात फिरवायचा. ओलसर, खारट वाळू हाताला लागली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि चाकं उतरवून कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना सुटसुटीत सरकतात का ते पाहायचं. त्या अडकल्या की एकच पॅड झिजत राहतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते जाड राहिलेलं दुसरं पॅड.