आधी प्रॉप, मग इंजिन

नवी मुंबईत खारघर-उलव्याच्या बाजूला भराव घालून सपाट केलेली, पण अजून इमारत उभी न राहिलेली जमीन असायची. तिथे रविवारी सकाळी कुणी रेडिओ कंट्रोलचं विमान जुळवत बसलं, की बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीसीचं?" दुसरा: "केवढ्याला पडलं?" नाकावर कुठला प्रॉप, म्हणजे हवा ओढणारा पंखा (प्रोपेलर), लावलाय, हे मला आजवर चार-पाच जणांनीच विचारलंय, आणि ते सगळे स्वतः विमानं उडवणारे होते.

गंमत अशी, की कसरतीच्या मॉडेल विमानांचा साठ-पासष्ट वर्षांचा प्रवास पाहिला तर इंजिनं सारखी बदलत गेली, आणि त्यांना बदलायला लावलं ते प्रॉपने. सुरुवातीचे ११ इंची प्रॉप मिनिटाला चौदा हजार फेरे मारत किंचाळायचे. आज जागतिक स्पर्धेतलं विमान २१ इंची प्रॉप मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फिरवतं. हा बदल जास्त ताकदीच्या हावेपायी जेवढा झाला, त्याहून अधिक तो शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे आणि स्पर्धेच्या नियमातल्या एका फेरफारामुळे झाला.

मुळात ही विमानं रेडिओवर उडायला लागली तेव्हा कसरत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १९३० च्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन यांचं 'ब्राउन ज्युनिअर' हे छोटं पेट्रोल इंजिन विकायला आलं. स्पार्क प्लगवर चालणारं, साधारण १० सीसीचं. १९३७ मध्ये मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' नावाचं आठ फूट पंखांचं विमान रेडिओवर उडवून दाखवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळी इंजिनाबरोबर ठिणगी पाडायला कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी एवढं ओझं वर न्यावं लागे, वर रिसीव्हरची बॅटरी वेगळीच. विमान सरळ गेलं आणि परत आलं तरी मंडळी खूष.

खरी कोंडी फोडली रे आर्डेन यांनी, १९४७ मध्ये, ग्लो प्लग आणून. प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बॅटरीने लाल करायची. इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून तार स्वतःच तापलेली ठेवते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, वजन एकदम उतरलं. इंधन मात्र बदललं. पेट्रोलच्या जागी मिथेनॉल आणि एरंडेल आलं, आणि परवडत असेल तर ताकद वाढवायला थोडं नायट्रोमिथेन.

या इंधनाची आपल्याकडची कथा निराळी. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, त्यातही गुजरात पुढे, त्यामुळे एरंडेलाला आपल्याला कधी तोटा नव्हता. परदेशात लोक कृत्रिम तेलाकडे वळले तरी इथे ओसाड गावी एरंड बळी, तशी आमची इंजिनं त्याच्यावरच चालली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनंही हेच तेल पीत, तेव्हा कमीपणा वाटायचं कारण नाही. लहानपणी नाक दाबून जे पाजलं जायचं, त्याचाच जळका वास पुढे रविवारच्या सकाळीचा वास होऊन बसला. मिथेनॉलचं मात्र तसं नाही. ट्रॉम्बेला आणि तळोज्याला, म्हणजे खाडीच्या अलीकडे-पलीकडे, ते कारखान्यात तयार झालेलं आहे, पण किरकोळीत लिटरभर मागायला जा! ते विष आहे, परवान्याखाली विकलं जातं. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेल्यावर तर कुणी ओळखीचा माणूसही कॅन भरून द्यायला धजेना. नायट्रोमिथेन त्याहून दुर्मीळ. त्यामुळे 'दहा टक्के नायट्रोवर इतके आरपीएम' असं खोक्यावर छापलेलं असे, आणि आपल्या हातातलं तेच इंजिन बिननायट्रोचं, हजारभर फेरे कमी. खोक्यावर सुचवलेला प्रॉप जसाच्या तसा लावला की इंजिन धापा टाकणार. एक इंच पिच (प्रॉप एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर) कमी करून लावायचा, ही इथली जुनी युक्ती याच टंचाईतून आली.

इंजिनं तरी कुठून आणायची? १९९१ च्या आधी आयातीला परवाने लागत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेल्या कित्येकांचे हात पहिल्यांदा काळे झाले ते कोलकात्याच्या 'ऑरोरा' डिझेल इंजिनावर. ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणारं छोटं यंत्र, प्लगही नाही. दोरीला धरून गोल फिरवायच्या विमानाला ते पुरे. रेडिओच्या कसरती विमानाला हवं असे जपानी 'ओएस', आणि ते दुबईहून किंवा सिंगापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत यायचं. ज्या आकाराचं आलं त्याभोवती विमान बांधायचं. निवड वगैरे चैनीच्या गोष्टी होत्या.

बाहेर तोवर स्पर्धा सुरू झाल्या होत्या. रेडिओ कसरतीची पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फला झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी 'ओरायन' विमानावर ती जिंकली. पुढे दोन-अडीच दशकं कसरतीचं विमान म्हणजे 'साठवालं', असंच समीकरण राहिलं. नियमात १० सीसीची मर्यादा, म्हणजे घनइंचात ०.६१, म्हणून 'सिक्स्टी'. आकार ठरलेला, मग चढाओढ आतल्या बांधणीत. जर्मन अभियंता अडोल्फ श्नुर्ले यांची सिलिंडर धुऊन काढण्याची, म्हणजे जळका धूर बाहेर ढकलून ताजं मिश्रण भरण्याची पद्धत या चिमुकल्या इंजिनांत आली. पितळी सिलिंडरला आतून क्रोम आणि त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन आला. आणि आला ट्यून्ड पाइप, म्हणजे एक्झॉस्टला जोडायची मोजून कापलेली नळी.

पाइपाचा थोडा विस्तार करायला हवा, कारण प्रॉप आणि इंजिन वेगवेगळे निवडता येत नाहीत हे त्यानेच लोकांना शिकवलं. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडर भरताना थोडं ताजं मिश्रण न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर पळतं. पाइपाच्या शेवटी निमुळता भाग असतो. तिथून दाबाची लाट परत फिरते आणि ऐन वेळी आली तर पळालेलं मिश्रण मागे ढकलते. पण लाटेला ठरावीक वेळ लागतो, म्हणून ठरावीक फेऱ्यांनाच हे साधतं. प्रॉप जड झाला की इंजिन त्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही आणि महागडा पाइप नुसता शोभेचा उरतो. मग पाइप अर्धा सेंटिमीटर कापा, प्रॉप बदला, परत कापा. आमच्यातल्या एकाने तो इतका कापला की शेवटी नवा आणावा लागला.

प्रॉपवर दोन आकडे असतात. ११×७, बोलीत 'अकरा-सात': व्यास ११ इंच, आणि पिच ७, म्हणजे एका फेऱ्यात तत्त्वतः ७ इंच पुढे. व्यासाचा भार साधारण चौथ्या घाताने वाढतो, पिचचा जवळपास सरळ. अकरावरून बारावर गेलात की भार ४० टक्क्यांनी चढला. सहा पिचचा सात केलात तर सोळा-सतरा टक्के. हे मी कागदावर शिकण्याआधी मैदानात शिकलो. ०.४६ घनइंच इंजिनाच्या विमानाला, पिच जास्त म्हणजे वेग जास्त, अशा अडाणी हिशेबाने १०×८ लावला. सरळ उडताना झकास. लूपच्या माथ्यावर मात्र विमान दमून लोंबलं. उतरताना तर इंजिन मंद करूनही ते थांबेना, कारण जास्त पिचचा प्रॉप मंद फेऱ्यांतही ओढत राहतो. पट्टी संपली, पुढे कांदळवन होतं. विमान मिळालं, चिखलासकट.

याच ओढत राहण्याचा आणि न राहण्याचा प्रश्न १९८० च्या दशकात मध्यवर्ती झाला. तोवर स्पर्धेत प्रत्येक कसरत पंचांच्या समोर करायची आणि दोन कसरतींच्या मध्ये लांब जाऊन हवं तसं वळून यायचं, अशी पद्धत होती. वेग जमवायला जागा मिळे. मग 'टर्नअराउंड' आलं. वळणंही गुणांत धरली जाऊ लागली, सगळं एका ठरलेल्या चौकटीत, सलग. विमान सरळ वर चढतानाही त्याच वेगाने आणि खाली येतानाही त्याच वेगाने दिसलं पाहिजे. चढताना ताकद हवी आणि उतरताना ब्रेक. ही दोन्ही कामं मोठा, संथ प्रॉप करतो. इंजिन मंद केलं की तोच तबकडीसारखा हवा अडवतो.

त्यात युरोपातल्या क्लबांना आवाजाचा जाच सुरू झाला होता. मैदानं बंद पडत होती आणि नियमांत डेसिबलची मर्यादा आली. लोकांना वाटे आवाज म्हणजे सायलेन्सर. पण ११ इंची प्रॉप १४,००० वर फिरला की त्याचं टोक सेकंदाला २०५ मीटरने धावतं, ध्वनीच्या वेगाच्या साठ टक्के. ती किंचाळी कुठल्याही सायलेन्सरमध्ये कोंडता येत नाही. २१ इंची प्रॉप ६,००० वर फिरवला तर टोकाचा वेग १६८ मीटर. विमानाच्या वेगाचं काय? ११×७ चा तात्त्विक वेग १४,००० वर ताशी १४९ किलोमीटर निघतो, २१×१४ चा ६,००० वर १२८. फरक थोडा, पण मोठा प्रॉप साडेतीन पटींहून मोठ्या वर्तुळातली हवा धरतो. थोड्या हवेला जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं. चप्पूने होडी वल्हवणाऱ्या वाशीच्या आगरी-कोळ्यांना हे सांगायची गरज नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांनी आधी लाँग स्ट्रोकची, पिस्टनची धाव लांब असलेली साठवाली काढली, म्हणजे फेरे कमी आणि पिच जास्त. पण बाजी फोर-स्ट्रोकने मारली. ओएसने १९७६ मध्ये आपलं पहिलं फोर-स्ट्रोक, एफएस-६०, आणलं तेव्हा ते खेळण्यातलं खेळणं वाटलं होतं: आवाज मस्त, ताकद बेताची. नियमांनी फोर-स्ट्रोकला दुप्पट, २० सीसीची मुभा दिली आणि पारडं फिरलं. जपानच्याच 'वायएस'ने क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) दाबाने मिश्रण कोंबणारी '१२०', म्हणजे १.२० घनइंची, काढली. ती मोठा प्रॉप आठ-नऊ हजारांवर सहज ओढायची. १९९० च्या दशकात सीसीची मर्यादाच काढून टाकली. राहिल्या त्या पंख आणि लांबी दोन-दोन मीटर, वजन पाच किलो, आणि आवाज.

दुसरी वाट लास वेगासची. तिथल्या एका कॅसिनोने १९७४ पासून भरवलेल्या 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स'मध्ये पैसा मोठा आणि विमानंही मोठी. ऑस्ट्रियाच्या हॅनो प्रेटनर यांनी तिथेही आणि जागतिक स्पर्धेतही दरारा निर्माण केला. या मोठ्या विमानांना लाकूड कापायच्या चेनसॉची पेट्रोल इंजिनं बसली. पुढे त्यासाठीच घडवलेली १०० आणि १५० सीसीची आली. त्यातूनच प्रॉपवर लोंबकळत उभं राहण्याची 'थ्रीडी' कसरत फोफावली. तिथे वेगाला किंमत नाही, जागच्या जागी ओढ हवी. म्हणून ०.४६ वर १२.२५×३.७५ असा विचित्र आकड्यांचा प्रॉप लोकप्रिय झाला. माझ्या त्या १०×८ च्या अगदी उलट टोकाचा.

पेट्रोल इथल्या लोकांना मानवलं. पंपावर मिळतं, परवाना लागत नाही. शिवाय ग्लो इंजिनाचा खाडीकाठी एक वेगळा हाल होतो. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपली हवा तर खारट. जूनमध्ये कपाटात ठेवलेलं इंजिन दसऱ्याला काढलं की बेअरिंग करकरतं. शेवटच्या उड्डाणानंतर टाकी कोरडी पडेपर्यंत चालवून आत तेल सोडायचं, हे पुण्याच्या माणसाला ऐच्छिक असेल, आम्हाला सक्तीचं.

मग बॅटरीने सगळंच उलटंपालटं केलं. निओडायमियम चुंबकं १९८० च्या दशकातलीच, पण ब्रशलेस आउटरनर मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी एकत्र आल्या २००० नंतर. आउटरनरमध्ये बाहेरचं कवच फिरतं, त्यामुळे जोर मोठा आणि फेरे कमी. म्हणजे गियर न लावता थेट मोठा प्रॉप. जे इंजिनवाले तीस वर्षं धडपडून मिळवत होते ते मोटरला जन्मतःच होतं. खाली येताना ब्रेकही इलेक्ट्रॉनिक. नियमातली ४२.५६ व्होल्टची मर्यादा दहा सेलच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीला, ४२ व्होल्टना, जेमतेम सामावून घेते. अलीकडे एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रॉप लावतात. एकाचा पीळ दुसरा खाऊन टाकतो, आणि इंजिन उजवीकडे दोन-तीन अंश तिरपं बसवायची जुनी कटकट संपते. खर्च ऐकला की मात्र आपणच तिरपे होतो.

इथल्या मैदानांवर दहा सेलवाले मोजकेच, सहा सेलवाले पुष्कळ, आणि पेट्रोलवाले अजून हटून आहेत. मैदानं मात्र सरकत चालली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला खरी विमानं उडू लागली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत उंचीची बंधनं येतात. नकाशावर कंपास फिरवून बघा: उलवे गेलं, पनवेल गेलं, खारघर-बेलापूर गेलं. आता पनवेलच्या पलीकडे, शेतकऱ्याला विचारून, सुगीनंतरच्या रिकाम्या शेतात. तिथे पहिल्याच रविवारी पेट्रोलच्या ५० सीसीने गोठ्यातल्या म्हशी उधळल्या. पुढच्या वेळी मालकाने अट घातली: आवाज नको. आम्ही इंजिन तेच ठेवलं, प्रॉप एक इंचाने वाढवला. फेरे उतरले. म्हशींनी वर बघितलं आणि परत रवंथ करायला लागल्या.