विमानताफा तक्त्यांचे स्वयंसेवी संपादन

विकिपीडियावरील विमान कंपन्यांच्या लेखांत कंपनीकडील विमानांचा तक्ता असतो. तो बिनपगारी संपादकांनी तपासत आणि दुरुस्त करत राहणे, याला विमानताफा तक्त्यांचे स्वयंसेवी संपादन म्हणता येईल. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी विमान कंपन्यांचा वेगळा प्रकल्पगट आहे. मराठी विकिपीडियावर (सुरुवात १ मे २००३) असे काम त्या त्या सदस्याच्या आवडीनुसार चालते. बाहेरून ते आकडे बदलण्याचे किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात ताफ्याचा आकडा दर आठवड्याला हलतो आणि तो नेमका कशाचा आकडा आहे, यावरच निम्मे वाद होतात.

तक्ता

तक्त्यात साधारणपणे विमानाचा प्रकार, सेवेत असलेली संख्या, मागवलेली संख्या, वर्गवार आसने आणि शेरा असे रकाने असतात. वर 'अमुक महिन्यापर्यंत' अशी तारीख आणि तिला जोडलेला संदर्भ असतो. आकडा, तारीख आणि संदर्भ हे तिन्ही एकत्र बदलायचे, हा या कामाचा पहिला नियम. नवखा संपादक बहुधा फक्त आकडा बदलतो. २७ चे २८ होतात, तारीख जुनीच राहते आणि संदर्भ जागचा हलत नाही. हा बदल खोडसाळ मजकुरापेक्षा जास्त नुकसान करतो. शिवीगाळ कुणाच्याही नजरेत भरते, पण इथे संदर्भ शाबूत दिसतो आणि जे त्यात लिहिलेलेच नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. लेखातल्या बदलांच्या इतिहासाच्या पानावर जाऊन आधीची आवृत्ती शेजारी ठेवल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

आसनांचा रकाना त्याहून किचकट. एअर इंडियाच्या जुन्या एअरबस ए३२०निओ विमानांत बिझनेसची १२ आणि इकॉनॉमीची १५० अशी १६२ आसने होती. पुढे एअर इंडियात विलीन झालेल्या विस्तारा कंपनीकडून आलेल्या त्याच प्रकारच्या विमानांत बिझनेसची ८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची १३२ अशी १६४. त्यामुळे एकाच प्रकारच्या विमानाच्या तक्त्यात दोन ओळी होतात. जुन्या विमानांचे नूतनीकरण सुरू झाले की एका ओळीतले आकडे दुसरीत सरकू लागतात आणि बेरीज मात्र तीच राहते. तक्ता पाहणारा प्रवासी बहुतेक वेळा आपल्याला कोणती आसने मिळतील एवढेच शोधत असतो, म्हणून या ओळी नीट ठेवणाऱ्यांचे मोल जास्त.

आकडे कुठून येतात

एअरबस आणि बोइंग दर महिन्याला मागण्या व सुपूर्द केलेल्या विमानांचे आकडे प्रसिद्ध करतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) विमान नोंदणी असते आणि प्रत्येक नागरी विमानाला 'व्हीटी' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. इंडिगोची मूळ कंपनी इंटरग्लोब एव्हिएशन शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिमाही निकालांत प्रकारवार ताफा जाहीर करते. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली, पण तिचे शेअर बाजारात नाहीत. तिच्यासाठी प्रसिद्धिपत्रके आणि बातम्या यांवरच भागवावे लागते.

हे सगळे स्रोत खरे असूनही त्यांचे आकडे जुळत नाहीत, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. कारखान्याच्या लेखी विमान सुपूर्द झाले की हिशेब मिटला. डीजीसीएच्या लेखी नोंदणी आहे तोवर विमान आहे, मग ते उडो वा हँगरमध्ये उभे राहो. भारतातले पहिले एअरबस ए३५० विमान हे एअर इंडियाचे व्हीटी-जेआरए. ते २३ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीत उतरले आणि प्रवासी सेवा सुरू झाली २२ जानेवारी २०२४ ला. मधल्या महिन्यात 'सेवेत' या रकान्यात ० लिहायचे की १? सावध संपादक ० ठेवतो आणि विमान आल्याचे शेऱ्यात लिहितो. हाच मार्ग बरोबर आहे, कारण रकान्याचे नाव 'सेवेत' आहे.

मागवलेल्या विमानांचेही तसेच. एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा १४ फेब्रुवारी २०२३ रोजी केली, त्यात एअरबसची २५० आणि बोइंगची २२०. पक्के करार मात्र जूनमध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झाले. इरादापत्र, पक्की मागणी आणि पुढे घेण्याचा नुसता हक्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या एकच होऊन जातात आणि तिथून थेट तक्त्यात येतात.

विमानवेड्यांचा वाटा

सर्वांत ताजी माहिती असते ती विमानतळांभोवती कॅमेरे घेऊन उभे राहणाऱ्या हौशी मंडळींकडे. कोणते विमान लीज संपून पांढऱ्या रंगात परत चालले, कोणते देखभालीला गेले, याच्या नोंदी ते एकेका नोंदणी क्रमांकानिशी ठेवतात. त्यांच्या संकेतस्थळांवरचे आकडे अनेकदा कंपनीच्या पत्रकाआधी बरोबर असतात. तरीही ती माहिती वापरकर्त्यांनीच भरलेली असल्याने विकिपीडियाच्या कसोटीवर कमकुवत ठरते, आणि इंग्रजी विकिपीडियावर या प्रश्नावर पुन्हा पुन्हा चर्चा झाल्या आहेत. स्वतः विमानांचा माग दाखवणारे ॲप उघडून विमाने मोजणे हे तर सरळ 'मूळ संशोधन' (कुठेही प्रसिद्ध न झालेली, स्वतःच काढलेली माहिती) होते आणि ते चालत नाही. संदर्भात दिलेल्या आकड्यांची साधी बेरीज चालते.

या नियमावर विमानवेडे चिडतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्याने विमान डोळ्यांनी पाहिले त्याला पत्रकाची वाट बघ म्हणायचे, हे कुणालाही जड जाईल. पण लातूरच्या किंवा पणजीच्या वाचकाला ते विमान दिसलेले नाही, त्याला फक्त संदर्भ उघडून पाहता येतो. नियम त्याच्यासाठी आहे. हौशी छायाचित्रकारांचे श्रम विकिमीडिया कॉमन्सवरच्या मुक्त छायाचित्रांतून लेखांना मोठा आधार देतात, आणि तिथे त्यांच्याइतके उपयोगी कोणी नाही.

उभी विमाने, उसनी विमाने

मुंबईत मुख्यालय असलेल्या गो फर्स्टची उड्डाणे ३ मे २०२३ पासून थांबली. दिवाळखोरीच्या कारवाईमुळे विमाने भाड्याने दिलेल्या मालकांना ती परत नेण्यास मनाई झाली आणि कंपनीच्या नावावरची ५४ विमाने जागच्या जागी उभी राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ मधील आदेशानंतर डीजीसीएने त्यांची नोंदणी रद्द केली. हे जवळजवळ वर्षभर तक्त्यात ५४ लिहिणेही चूक आणि ० लिहिणेही अपुरे होते. अशा वेळी तक्त्याच्या वर दोन ओळींचा खुलासा लिहिणे हाच प्रामाणिक उपाय. मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स विमाने जगभर जमिनीवर आली तेव्हा आणि २०२३ पासून प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील दोषामुळे इंडिगोची बरीच विमाने उभी राहिली तेव्हाही हाच पेच होता. विमान ताफ्यात आहे, पण उडत नाही.

उलट बाजूने, काही विमाने उडतात पण ताफ्यातली नसतात. इंडिगोने टर्किश एअरलाइन्सकडून बोइंग ७७७ आणि नॉर्स अटलांटिककडून बोइंग ७८७ घेतली, ती वैमानिकांसह. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला सुरू झालेली इंडिगोची उड्डाणे याच नॉर्सच्या विमानांनी झाली. त्यांची नोंदणी परदेशातच राहते. ती तक्त्यात घ्यायची तर कुणाच्या मालकीची हे शेऱ्यात आलेच पाहिजे, नाहीतर तेच विमान दोन कंपन्यांच्या लेखांत दोनदा मोजले जाते.

विलीनीकरण आणि अपघात

काही दिवशी एका रात्रीत अनेक लेख बदलावे लागतात. एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या लेखात 'आहे' चे 'होती' झाले, ताफा एका लेखातून दुसऱ्यात गेला आणि जुना तक्ता शेवटच्या दिवसाच्या तारखेसह इतिहास म्हणून ठेवायचा होता. घाईत जुना तक्ता पुसून टाकणे ही अशा वेळची नेहमीची चूक. वाचकाला दहा वर्षांनी तोच हवा असतो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ७८७-८ विमान, व्हीटी-एएनबी, कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला आणि जमिनीवरही माणसे दगावली. एअर इंडियाच्या २७ ७८७-८ विमानांपैकी हे एक. अशा वेळी तक्त्यातल्या २७ चे २६ करण्याला काडीचीही घाई नसते. नोंद पूर्ण होईल, पण आधी अपघाताच्या लेखातला अफवांचा मजकूर थोपवणे महत्त्वाचे. गर्दी वाढली की प्रचालक (विशेष अधिकार असलेले सदस्य) पान अंशतः सुरक्षित करतात, म्हणजे नवे आणि नाव न नोंदवलेले सदस्य थेट बदल करू शकत नाहीत. २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा एकमेकांचे बदल उलटवण्यास इंग्रजी विकिपीडियावर एरवीही मनाई आहे. मतभेद असेल तर चर्चापानावर जायचे.

निवृत्त विमाने

जुन्या ताफ्याचा तक्ता हा या कामातला सर्वांत टिकाऊ भाग, कारण तो पुन्हा बदलत नाही. एअर इंडियाचे पहिले जंबो (बोइंग ७४७) 'एम्परर अशोक' १९७१ मध्ये आले आणि १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून २१३ जण गेले. 'आग्रा' नावाचे ७४७-४०० विमान २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला सुटे भाग काढण्यासाठी शेवटचे उडाले. १९७१ ते २०२४ या काळातली सगळी जंबो विमाने नोंदणी क्रमांक, नाव आणि शेवट यांसह मांडता येतात.

कंपनीची स्वतःची नोंद अशा वेळी पुरेशी असेलच असे नाही. बोइंग ७३७-२०० जातीचे व्हीटी-ईएचएच हे विमान इंडियन एअरलाइन्ससाठी आले होते आणि पुढे टपाल वाहतुकीलाही लागले. २०१२ पासून ते कोलकाता विमानतळावर उभे होते. एअर इंडियाच्या कागदोपत्री ते गळून गेले होते आणि विमानतळाने हलवायला सांगितल्यावर ते आपलेच असल्याचे कंपनीला कळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रस्त्याने बंगळूरला गेले, अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी.

मराठी विकिपीडियावर

मराठीत विमान कंपन्यांचे बरेच लेख इंग्रजीवरून आले, आणि अशा लेखांतला तक्ता आणला त्या दिवशीचाच राहण्याचा धोका मोठा असतो. सांगकामे म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम दुवे व वर्ग नीट करतात, पण वेट लीजवरचे (वैमानिकांसह उसने घेतलेले) विमान मोजायचे की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. वेळ कमी असेल तर पूर्ण तक्ता ओढत बसण्यापेक्षा प्रकार आणि एकूण संख्या एवढेच, तारीख व संदर्भासह लिहिणे जास्त उपयोगाचे. तारीख नसलेल्या आकड्यापुढे 'संदर्भ हवा' हा साचा (तयार सूचना) लावता येतो, आणि मोठा बदल करण्याआधी चर्चापानावर किंवा चावडीवर (सर्व सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) विचारता येते.