नागपूर परिसरातील गुहांची सहल

नागपुरातून एका दिवसात, फार तर एका मुक्कामात, जाऊन येण्याजोग्या नैसर्गिक गुहा व कोरीव लेणी हौसेने पाहण्याचा प्रघात. दोर, शिरस्त्राण आणि नकाशे घेऊन गुहांचा शोध घेणाऱ्यांचा हा विषय नव्हे. इथला माणूस पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर निघतो. बोलीत बहुतेक जागांना ‘गुफा’च म्हणतात, मग ती छिन्नीने कोरलेली असो की पाण्याने. विदर्भातल्या या सहलीचे वेगळेपण असे, की ती यात्रेपासून पुरती सुटी करता येत नाही. वाट भाविकांनी पाडलेली असते आणि हौशी प्रवासी तिच्यावरून मागाहून चालत जातो.

नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर आहे. सीताबर्डीची टेकडी व सेमिनरी हिल्स त्याच पाषाणाच्या. पूर्वेकडे तो संपतो. कामठीच्या बाजूला वालुकाश्म लागतो आणि त्या थराला भूशास्त्रात कामठीचेच नाव मिळाले आहे. एकाच कड्यात तीस लेणी असे अजिंठ्याचे वैभव शहराच्या जवळपास नाही. गुहा विखुरलेल्या आहेत, म्हणून सहलही दिशा ठरवूनच करावी लागते.

चंद्रपूर रस्त्याने वरोरा ओलांडले की भद्रावती येते. गावाचे जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकावर अजून तेच आहे. गावाला लागूनच विजासनची टेकडी असून तिच्यात बौद्ध लेणी आहेत. 1870 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने ती पाहून वर्णन लिहिले; ह्युएन त्संगने सांगितलेल्या कोसल देशाची राजधानी ती हीच, असे त्याचे मत होते. लेण्यांची आखणी विदर्भाबाहेरच्या प्रवाशाला चकवते. अजिंठ्यासारखे खांबांचे दालन इथे नाही. मधली वाट सरळ डोंगराच्या पोटात सुमारे 70 फूट जाते, तिच्या दोन अंगांना काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात आणि मधल्या वाटेच्या शेवटी गाभाऱ्यात बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे. तोंडाशी उभे राहावे तर ऊन पाठीवर असते आणि समोर काही म्हणजे काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत माणूस भिंत चाचपतच पुढे जातो. मग टॉर्चच्या उजेडात आधी गुडघे दिसतात, मग मांडीवरचे हात, आणि मान वर केली की चेहरा. टॉर्च शक्य तितक्या उशिरा लावावा; लेणे कोरणाऱ्यांनी अंधार उगाच ठेवलेला नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेचे सोहळे केले. त्यानंतर विजासनला जाणाऱ्यांचा हेतूच बदलला. पूर्वी हे अवशेष इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालाचा विषय होते; आता पांढरी वस्त्रे नेसलेली कुटुंबे मेणबत्त्या, अगरबत्त्या घेऊन येतात, गाभाऱ्यात वंदना होते आणि सहलीला आलेला माणूसही आपोआप आवाज खाली आणतो. भद्रावतीत भद्रनागाचे देऊळ, जैनांचे पार्श्वनाथ मंदिर आणि गवराळ्याचा गणपती असे सगळेच असल्याने एक दिवस पुरत नाही, पण लोक पुरवतात.

गोंदियाच्या पुढे सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. मुंबई–हावडा मार्गावरचे दरेकसा हे जवळचे स्थानक. बोगदा आणि हाजरा फॉल याच पट्ट्यात. ही गुहा नैसर्गिक आणि अवाढव्य. आशियातली सर्वांत मोठी, असे फलकांवर लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे; त्याशिवायही ती पुरेशी मोठी वाटते. गोंड समाजाचे हे मूळस्थान. कथेनुसार काली कंकालीच्या तेहतीस मुलांना या गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवली होती. जंगो रायताडला त्यांची कणव आली. हिरासुका पाटालीर याने किंगरी हे तंतुवाद्य वाजवून मुलांना बळ आणले आणि शिळा हटवताना तो स्वतः तिच्याखाली गेला. सुटलेली मुले गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याची शिष्य झाली आणि त्यांच्यापासून कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, व्यवस्था लागली. माघ पौर्णिमेला विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून लोक येतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, ढोल आणि भेटेल त्याला ‘जय सेवा’. त्या दिवशी धनेगावपासून डोंगरापर्यंत जेवणापाण्याची ददात नसते, पण गुहा धड दिसत नाही. एरवी जावे तर गुहा निवांत मिळते आणि साधा चहा मिळायची मारामार. गुहेच्या छताला मोठे भगदाड आहे. त्यातून उन्हाचा झोत खाली उतरलेला पाहायचा असेल तर दुपार साधावी.

नागपूरकराला ‘गुफा’ म्हटल्यावर पहिली आठवते ती मात्र सीमेपलीकडची पचमढी. छिंदवाड्यावरून जाणारा रस्ता, घाट लागला की पोरांना होणारी मळमळ आणि ‘हर हर महादेव’चा गजर यांवर विदर्भात दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. गावाचे नावच पाच ‘मढ्यां’वरून, म्हणजे कुटींसारख्या पांडव गुंफांवरून पडल्याचे सांगतात. पांडवांचा संबंध लोककथेतला, अभ्यासक मात्र या गुंफा बौद्ध असाव्यात असे मानतात. जटाशंकर, बडा महादेव ही नैसर्गिक स्थाने. गुप्त महादेवाची फट इतकी अरुंद आहे, की आडवे होऊन सरकत जावे लागते आणि आतले बाहेर आल्याशिवाय बाहेरच्यांना आत जाता येत नाही. पोट सुटलेल्या काकांची थट्टा करण्याची ही परंपरागत जागा.

नागपंचमीच्या आधी दहाएक दिवस नागद्वारीची यात्रा भरते. वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते, त्यामुळे वर्षातून एवढेच दिवस ती खुली असते. एसटीच्या जादा गाड्या नागपुरातून सुटतात. काजरी, चिंतामण, स्वर्गद्वार, पद्मशेष अशी ठिकाणे पायी घ्यायची. चिखल, लोखंडी शिड्या, धुके आणि पाऊस. काजरीबद्दल सांगतात, की मूल झाल्यास नागाला काजळ घालीन असा एका बाईने नवस केला आणि नाग खरोखर समोर आला तेव्हा ती भयाने गेली. सहल म्हणून नागद्वारी करू नये. गुडघे धड असतील आणि सोबत आधी जाऊन आलेले कोणी असेल, तरच.

अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सालबर्डीला महादेवाची गुहा असून महाशिवरात्रीला यात्रा भरते. चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभावांनाही ती जागा पूज्य आहे. त्याच भागात, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, अंबादेवी परिसरातल्या खडकांवरची प्राचीन चित्रे 2007 मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या नजरेस आली. ती पाहायला जाणकार सोबत हवा.

अजिंठा नागपूरहून दूर असला तरी परका नाही. रामटेकजवळचे नगरधन, म्हणजे नंदिवर्धन, ही वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या, वत्सगुल्म म्हणजे वाशीमच्या शाखेतला राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. त्याचा शिलालेख तिथेच आहे. नागपुरात अध्यापन करणारे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादन करून हा सगळा धागा उलगडला.

गुहांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गुहेतला गारवा खरा, पण तिथवरची चढण जिवावर येते. कड्यांना आग्यामोहळे लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. वटवाघळांवर प्रकाश मारण्याचे कारण नाही. राहता राहिला भिंतीवर कोळशाने बदाम काढून दोन नावे लिहिण्याचा छंद. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी बदाम वाढतच आहेत.

चढण झेपत नसेल तर 1863 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजबबंगल्यात, विदर्भातली शिल्पे पाहता येतात. वार पाहून निघावे : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, आणि अजबबंगल्यालाही सोमवारचीच सुट्टी.