‘बेड रेस्ट’ केसपेपरवर कसा आला आणि का टिकला

सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयांत धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट येतात. सोबतच्या माणसांची बोली मराठी, कन्नड, तेलुगू अशी वेगवेगळी, पण ‘बेड रेस्ट’ सगळ्यांना कळतं आणि अर्थही एकच लागतो: उठायचं नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्याला सहा-सहा आठवडे आडवं ठेवत, घासही दुसऱ्याने भरवायचा. १९५२ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांना पहिल्याच आठवड्यात खुर्चीत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने दमसास जेवढा घटवला नव्हता, तेवढा त्या तीन आठवड्यांनी घटवला होता.

तरी शब्द टिकला, कारण तो सोयीचा आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कधी ‘मोडलेल्या पायावर भार नको’ असतं, कधी ‘एकट्याने उठू नये’, कधी नुसतं ‘जिना नको’. तीन वेगळ्या सूचना, कागदावर मात्र एकच. मग चक्कर येऊन पडू नये म्हणून लिहिलेल्या शब्दापायी म्हातारी आठ दिवस आडवी राहते, पोटऱ्या सुकतात आणि घरी गेल्यावर ती पडतेच. त्याऐवजी ‘आधाराने खुर्चीत, दिवसातून तीनदा’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो?

२०१५ मध्ये पक्षाघाताच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास आला. २४ तासांच्या आत आणि जास्त वेळा उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती थोडी कमी चांगली निघाली. ‘बघा, झोपवलेलंच बरं’ हा त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे. तुलनेच्या गटातलेही निम्म्याहून अधिक रुग्ण पहिल्या २४ तासांतच अंथरुणाबाहेर आले होते. प्रश्न मात्रेचा होता. थोडा थोडा वेळ उठवावं, एकदम जास्त नको.

दुसरा प्रश्न पेशंटला उठवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या व्यायामाचा. त्याचा धागा १९५३ पासूनचा. लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. ‘ड्यूटीत चालणं होतंच’ या समजुतीला त्याने बळ मिळालं. पण वॉर्डातलं चालणं तुटक असतं. चार पावलं, थांबणं, वाकणं, उचलणं. पाय दुखतात, दम वाढत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल हवी. ती सलग दहा मिनिटांची असावी ही जागतिक आरोग्य संघटनेची अट २०२० मध्ये गेली, त्यामुळे दोन जिने भरभर चढणंही मोजता येतं. पाठ आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, तेही वेगळे.

पेशंटला उठवणं आणि कर्मचाऱ्यांचं शरीर, हे दोन्ही प्रश्न खाटेशी एकत्र येतात. आधी पाठ उंच करून पाच मिनिटं, मग पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं, मग उभं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा बीपी २० ने उतरला तर परत बसवायचं. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी. पंगू बाजूचा हात धरून ओढलं की खांदा निखळू शकतो. लोखंडी खाट उंच असेल तर पाय फरशीला टेकत नाहीत, पेशंट घसरतो आणि सावरणाऱ्या मावशींची कंबर जाते. पायाखाली न हलणारं रुंद स्टूल आधीच ठेवावं, आणि पेशंटच्या पायात ओली रबरी चप्पल नसावी.