ट्रॅफिकच्या बातमीखाली फ्लॅटची जाहिरात कोण लावतं?

गायमुखला ट्रेलर बंद पडला, कासारवडवलीपर्यंत गाड्या अडकल्या, अशी बातमी आपण फोनवर वाचत असतो आणि बरोब्बर तिच्याखाली झळकतं, "घोडबंदर रोडला टू बीएचके, स्टेशन फक्त २० मिनिटांवर". ठाणेकर स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारच. बिल्डरने पैसे भरून स्वतःचं हसं करून घेतलं, पण गंमत अशी की ही जागा त्याने निवडलेलीच नसते.

पेपरात पान ठरवून जाहिरात देता येते. ऑनलाइन मात्र आपण लिंक उघडली की पान लोड होता होता लिलाव लागतो, लासलगावला कांद्याचा लागतो तसाच, फक्त इथे माल म्हणजे आपल्या स्क्रीनवरची रिकामी चौकट. पानाचा पत्ता, फोन कुठला, साधारण लोकेशन ही माहिती एक्स्चेंजकडे, म्हणजे जाहिरातींच्या ऑनलाइन बाजाराकडे जाते, तिथून जाहिरातदारांच्या सॉफ्टवेअरकडे, ते बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते, आणि हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत उरकतं. यात माणूस कुठेच नाही. बिल्डरच्या जाहिरात एजन्सीने "घोडबंदर" हा शोधशब्द (कीवर्ड) आधीच दिलेला, बातमीतही तोच शब्द, मशीनच्या हिशोबाने जोडी जमली की!

घोडबंदरचं ठीक आहे, हसून सोडून देता येतं. २०१७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने दाखवून दिलं की मोठमोठ्या ब्रँड्सच्या जाहिराती यूट्यूबवर अतिरेकी व्हिडिओंसोबत चालतायत, म्हणजे त्यातला काही पैसा व्हिडिओवाल्यांनाही जाणार. मग ब्रिटिश सरकारपासून एटी अँड टी या अमेरिकन टेलिकॉम कंपनीपर्यंत अनेकांनी जाहिराती थांबवल्या. त्याच सुमारास जेपी मॉर्गन चेस बँकेने आपल्या जाहिराती महिन्याला सुमारे ४ लाख साइट्सवर दिसायच्या त्या निवडक ५ हजारांवर आणल्या आणि रिझल्टमध्ये फारसा फरकच पडला नाही, मला तर यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

पण प्रत्येकाला एवढी निवड करणं परवडत नाही, मग सोपा उपाय म्हणजे शब्दांची ब्लॉकलिस्ट, "हल्ला", "मृत्यू" असे शब्द दिसले की बोलीच लावायची नाही. २०२० मध्ये कंपन्यांनी "कोरोनाव्हायरस" ब्लॉक केला आणि लोक सगळ्यात जास्त बातम्या वाचत असताना न्यूज साइट्सच्या जाहिराती आटल्या. मराठीत तर अजून घोळ. "बळी" ब्लॉक करा, अपघाताच्या बातमीबरोबर बुमराहचे पाच बळी जातात, आणि शब्दाचा तुकडा जुळवणारं फिल्टर असेल तर बळीराजाही गेला. घोडबंदरसाठी "खड्डे" ब्लॉक केलं तर पावसाळ्यात जाहिरात लावायला बातमी उरेल का?

म्हणून आता सॉफ्टवेअर अख्खं पान आधीच वाचून ठेवतं, विषय काय, सूर कसा, त्यावरून शेरा देतं आणि बोली लावायच्या आधी तो शेरा तपासला जातो. अडचण ताज्या बातमीची, पाच मिनिटांपूर्वी टाकलेलं पान अजून वाचलेलंच नसू शकतं, आणि टोमणा तर मशीनला आजही सहज चकवतो.

नौपाड्यातल्या छोट्या दुकानदारालाही थोडं काही हातात असतं. गूगल अ‍ॅड्समध्ये नको ते विषय, साइट्स, अ‍ॅप वगळता येतात, जाहिरात कुठेकुठे दिसली त्याचा रिपोर्टही मिळतो. तो बहुतेक जण उघडतच नाहीत. उघडलात आणि पैठणीची जाहिरात लहान मुलांच्या फुगे फोडायच्या गेममध्ये चाललेली सापडली, तर क्लिक एवढे आणि फोन एकही नाही असं का, ते लगेच कळेल.