रात्रीचा रस्ता आणि कडेचा पांढरा पट्टा

दिवे नसलेल्या दुपदरी राज्यमार्गावर रात्री समोरून अप्पर लावलेला ट्रक आला, की काही क्षण रस्त्याचा मध्यभाग दिसेनासा होतो. चालकाची नजर आपोआप डावीकडे वळते. तिथे कडेचा पट्टा नसेल, तर डांबर कुठे संपते आणि खचलेली साइडपट्टी कुठे सुरू होते, हे केवळ अंदाजाने ठरवावे लागते. अमेरिकी अभियंते जॉन डॉर यांनी 1950 च्या दशकात नेमके हेच हेरले होते. रात्री मधली रेषा हाच एकमेव आधार असल्याने चालक तिच्याकडे, म्हणजेच समोरच्या वाहनाकडे सरकतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांच्या आग्रहामुळे कनेक्टिकटमधील मेरिट पार्कवेवर कडेचे पट्टे आखून पाहण्यात आले.

हा पट्टा अंधारात चमकतो तो रंगामुळे नव्हे, तर त्यावर पेरलेल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे. हेडलाइटचा प्रकाश मण्यात शिरताना वळतो, मागच्या बाजूला एकवटतो, तिथल्या पांढऱ्या थरावर आदळतो आणि आला त्याच दिशेने, चालकाच्या डोळ्यांकडे परततो. त्यासाठी मणी साधारण निम्मा रुतलेला हवा: पूर्ण बुडाला तर प्रकाश आत शिरत नाही, वरवर राहिला तर चाकांखाली निखळतो. सुमारे 200 अंश सेल्सिअसला वितळवून ओतल्या जाणाऱ्या थर्मोप्लास्टिक पट्ट्यात मणी आतही मिसळलेले असतात, त्यामुळे वरचा थर झिजला की खालचे उघडे पडतात.

मणी निखळलेला पट्टाही दिवसा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून कामाची तपासणी उन्हात उभे राहून करणे मला अपुरे वाटते. ती रात्री किंवा परावर्तन मोजणाऱ्या यंत्रानेच व्हायला हवी. ताशी 72 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 20 मीटर जाते आणि रस्त्यांच्या आरेखनात गृहीत धरलेल्या अडीच सेकंदांच्या प्रतिक्रिया-काळात ब्रेक लागण्यापूर्वीच 50 मीटर अंतर संपते. डिपरचा उजेड त्याच्या फारसा पुढे पोहोचत नाही. परावर्तित पट्टा मात्र पुढचे वळण आधीच दाखवतो.

पावसात पाण्याचा पातळ थर मण्यांना झाकतो आणि प्रकाश पुढे निसटून जातो. अशा भागांत मोठे मणी, उंचसखल पट्टे किंवा रस्त्यात बसवलेले रिफ्लेक्टर उपयोगी पडतात. अमेरिकेतील कॅन्सस, मिशिगन आणि इलिनॉयमधील ग्रामीण दुपदरी रस्त्यांवर तर कडेचा पट्टा नुसता 10 सेंटिमीटरहून रुंद केल्यावरही अपघात घटल्याचे आढळले. आपल्याकडे नवे डांबर पडल्यावर पट्टे आखण्याचे काम अनेकदा मागे राहते आणि गुळगुळीत झालेल्या त्या रस्त्यावर वाहनांचा वेग मात्र लगेच वाढतो. म्हणून डांबरीकरण आणि आखणी ही दोन्ही कामे एकाच निविदेत, एकाच मुदतीत बांधली पाहिजेत.